पुढे झाकलेला, मागे गायब

माझ्या भाचीच्या लग्नात पोलिसांमुळे घोळ झाला, असं आमचे नातेवाईक आजही सांगतात. ते खोटं आहे. घोळ माझ्यामुळे झाला. पोलिसांनी फक्त माझं ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

हे आता लिहून टाकतो आहे, कारण मनावरचं ओझं पेलवत नाही. (एकादशीला चुकून चिमूटभर शेव तोंडात गेली तरी द्वादशी उलटेपर्यंत ज्याला झोप लागत नाही, तसला मी माणूस आहे.)

त्या काळी मी अकोल्याला एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि संध्याकाळी जठारपेठेच्या चौकात 'वाहतूक मित्र' म्हणून उभा राहायचो. वाहतूक मित्र म्हणजे दंडाला पांढरी पट्टी, गळ्यात शिट्टी आणि अधिकार शून्य! पगारही शून्यच. तरी मी नेमाने जायचो, कारण नंबर नसलेली किंवा नंबर झाकलेली गाडी दिसली की माझ्या अंगाची लाही व्हायची. आणि अशा गाड्यांना तोटा नव्हता! कुणी नंबराच्या जागी 'दादा' लिहिलेलं, कुणी 'आईची पुण्याई'. कुणी आकड्यांवर लिंबू-मिरची अशी लोंबकळत ठेवलेली, की दृष्ट टळायची ती फक्त पोलिसांचीच. एका महाशयांच्या प्लेटवर 'नोंदणी चालू आहे' असं लिहिलं होतं. ती नोंदणी सात वर्षं चालूच होती!

या सगळ्यांची मी वहीत नोंद करायचो आणि दर सोमवारी वाहतूक शाखेत नेऊन द्यायचो. आता ज्या गाडीला नंबरच नाही तिची नोंद कशी करायची? मग मी गाडीचा रंग आणि मालकाच्या मिशा लिहायचो.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडाची फार वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता आणि खेड्यांकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या. माझ्या वर्गातली मुलं मध्येच यायची बंद व्हायची. त्यांच्या घरी जाऊन बसावं, त्यांच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकावा, असं मला रोज वाटायचं. आणि रोज मी काय करायचो? चौकात उभा राहून नंबर प्लेटांवरची लिंबं मोजायचो! घर पेटलंय आणि घरचा कर्ता दाराची कडी घासून लख्ख करतोय, तसा मी. जे पुढे झालं ती त्याचीच शिक्षा असावी. शिक्षा हलकी झाली, एवढंच.

एकदा नाक्यावरच्या वानखडे हवालदाराने एक लग्नाची गाडी सोडून दिलेली मी पाहिली. गाडीच्या नंबरावर 'अमकी संग तमका' असा थर्माकोलचा बोर्ड चिकटवलेला. मी शिट्टी फुंकत धावत गेलो.

"वानखडे! गाडी सोडली?"

"सर, लगनाची हाय जी. नवरदेव बसेल हाय अंदर."

"नवरदेव म्हणजे कायद्याचा जावई आहे का?"

"जाऊ द्या ना जी. एक दिवसाचा त राजा असते बिचारा."

मी जाऊ दिलं नाही. घरी येऊन वाहतूक शाखेच्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं: 'विवाहाच्या पवित्र नावाखाली क्रमांक झाकणाऱ्यांस कोणतीही दयामाया दाखवू नये, मग ते कोणाचेही आप्त असोत.' साहेब नवे होते. त्यांनाही ते वाक्य आवडलं! पंधरा दिवसांत शहराच्या सगळ्या नाक्यांवर खास मोहीम सुरू झाली आणि वानखडेची जाहीर खरडपट्टी निघाली. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड नेलं. (ते श्रीखंड मला अजून आठवतं, आणि अजून लाज वाटते.)

त्याच महिन्यात माझी भाची वर्षाचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण सुमन. भावजी गेल्यापासून तिने शिवणकाम करून एकटीने पोरीला वाढवलं, शिकवलं. मुलाकडचे अमरावतीचे. मुलाचे वडील चांदूर रेल्वेचे निवृत्त स्टेशनमास्तर, आणि वेळेच्या बाबतीत अजिबात निवृत्त न झालेले. त्यांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं, "अकरा पाचचा मुहूर्त म्हणजे अकरा पाच. अकरा सहाला मी मांडवातून उठतो." आणि ते उठणारे होते! मोठ्या मुलाच्या लग्नात उठले होते. त्या सुनेशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत.

लग्न अमरावतीलाच. वऱ्हाडाची बस पहाटे पुढे जाणार आणि नवरी, सुमन आणि माझी बायको माझ्या गाडीतून, असं ठरलं. आदल्या दिवशी सुमनने मला नवा पांढराशुभ्र कुर्ता दिला आणि माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुह्याकडं एकच काम. वर्षाले मुहूर्ताआधी मांडवात आनून उभी कर."

"एवढंच ना?"

"एवढंच. बाकी काई करू नको. भाऊ, तुले हात जोडतो, काईच करू नको!"

(तिच्या स्वतःच्या लग्नात मी अक्षतांची थैली रिक्षात विसरलो होतो. तेव्हापासून तिचा माझ्यावरचा विश्वास बेताचा आहे.)

काहीच करायचं नव्हतं. आणि मी केलं! त्याच दुपारी गाडी धुताना माझ्या लक्षात आलं, की मागच्या प्लेटवरच्या शेवटच्या आकड्याचा, इंग्रजी आठाचा, डाव्या बाजूचा रंग उडाला आहे आणि लांबून तो तीन दिसतो. दुसरा कुणी असता तर लग्नानंतर पाहू म्हणाला असता. मी पेचकस आणला. दोन स्क्रू काढले, प्लेट बगलेत मारली आणि चौकातल्या सलीमभाईच्या पेंटिंगच्या दुकानात गेलो. हा सलीमभाई 'दादा' लिहिलेल्या प्लेटा रंगवायचा, म्हणून मी त्याला दर आठवड्याला उपदेश करायचो.

"सर, शादीच्या बाद करू ना. थंडीचे दिवस हाय, रंग वाळत नाई लवकर."

"सलीमभाई, नियम म्हणजे नियम!"

"अरे सर, रंगाचा बी नियम असते ना! दोन दिवस लागते त्याले."

"सकाळी सातला मला प्लेट पाहिजे."

सलीमभाईने माझ्याकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं आणि वर आकाशाकडे पाहिलं. "ठीक हाय. सुबह फजरच्या नमाजनंतर गाडीतच आनून ठेवतो. पर मंग मले बोलू नका."

सकाळी घरात एकच धांदल. सनईची कॅसेट, शेंगदाण्याच्या लाडवांचे डबे, हरवलेली जोडवी, सापडलेली जोडवी. सातला बाहेर आलो आणि थबकलो. गल्लीतल्या पोरींनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि पुढच्या नंबरावर, बरोब्बर नंबरावर, हृदयाच्या आकाराचा थर्माकोलचा बोर्ड चिकटवला होता: 'वर्षा संग प्रशांत'!

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हा बोर्ड..."

"भाऊ!" सुमनने दारातूनच डोळे वटारले.

आणि मी गप्प बसलो. हे नीट नोंदवून ठेवा. मला बोर्ड दिसला नाही असं नाही. दिसला. कायदा माहीत होता, पत्रातलं वाक्य पाठ होतं, आणि तरी मी शाल पांघरून, मागे वळून बायकोला "चला, चला!" म्हणत, न पाहता धपकन सीटवर बसलो. बुडाखाली टणक लागलं. त्यात नवल काहीच नव्हतं. कंबरदुखीमुळे माझ्या सीटवर बारा महिने लाकडी फळी असते. आणि मागची प्लेट? ती मी साफ विसरलो! पुढच्या पापाच्या विचारात मागचं पाप ध्यानातच राहिलं नाही.

अमरावती रस्त्याच्या नाक्यावर एक हात आडवा आला. हातामागे वानखडे होता.

"अरे! सर! या, या, उतरा जी. आमी तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

"माझी?"

"मंजे तुमच्यासारख्यायची. मोहीम हाय ना!" त्याने मला गाडीच्या पुढे नेलं. "सर, वाचून दाखवता का जरा? माहा चष्मा घरी राह्यला."

मी खाली मान घालून वाचलं, "वर्षा संग प्रशांत."

"वा! हा कोनत्या जिल्ह्याचा नंबर हाय जी?"

मी बोर्ड काढायला लागलो. "थांबा, थांबा. पह्यले मांगं चला." मागे गेलो. तिथे गंजलेली दोन भोकं होती. वानखडे त्यांच्याकडे बराच वेळ भक्तिभावाने पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, पुढं झाकेल, मांगं गायब. दोन गुन्हे एकाच गाडीत! अशी गाडी आपल्याले मोहिमेत अजून भेटली नव्हती."

"वानखडे, गाडीत नवरी आहे हो. अकरा पाचचा मुहूर्त आहे."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्र! साहेबांनी त्याच्या प्रती काढून प्रत्येक नाक्यावर वाटल्या होत्या. आणि चष्मा घरी राहिलेला तो माणूस खडाखडा वाचू लागला, "'...कोनतीही दयामाया दाखवू नये, मग ते कोनाचेही आप्त असोत.' आप्त मंजे काय जी, सर?"

"नातेवाईक," मी म्हणालो. शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं.

"नंबर आना अन् जा. मांगं नंबर नाई तवपर्यंत गाडी हालत नाई. म्या नाई म्हनत, तुमी म्हनता."

आता शोध सुरू झाला. डिक्की उपसली. नवरीची पेटी उघडली. चारही डब्यांतले लाडू रस्त्याच्या कडेला चादरीवर ओतले.

"अहो, लाडवात काय शोधता?" बायको ओरडली.

"कुठेही असू शकते!"

"तुमची अक्कलही पाहा, असली तर तिथंच असेल."

मी पुढच्या सीटखाली पाहिलं, मागच्या सीटखाली पाहिलं, सुमनला उठवून तिच्याखाली पाहिलं. स्वतःची सीट तेवढी पाहिली नाही. जिथे आपण बसतो तिथे कोण शोधतं?

तेवढ्यात सायरन वाजला. वानखडेने मला हाताने बाजूला सारलं आणि ताठ उभा राहिला. पांढऱ्या गाड्यांचा ताफा धुरळा उडवत अमरावतीकडे निघाला होता. काळ्या काचा, लाल दिवे, झेंडे. पहिल्या गाडीला नंबर नाही. दुसरीच्या नंबरावर हार. तिसरीच्या नंबराच्या जागी मोठ्या अक्षरांत 'जनसेवा'! अशा बारा गाड्या गेल्या आणि वानखडेने बाराही गाड्यांना सलाम ठोकला.

"वानखडे!" मी ओरडलो. "एकीलाही नंबर नव्हता!"

"ते पाहनीले चालले जी. शेतकऱ्यायची परिस्थिती पाह्याले."

"म्हणून नंबर नको?"

"सर, पाहनी करनाऱ्याची पाहनी कोनी करते का?"

त्या वर्षी आमच्या भागात कापसाच्या बोंडांपेक्षा पाहणी करणारेच जास्त पिकले होते. मी खिशातून वही काढली, पेनचं टोपण उघडलं... आणि लिहू काय? नंबरच नव्हते! शेवटी लिहिलं: 'पांढऱ्या, बारा. मिशा दिसल्या नाहीत.'

"लिव! लिव अजून!" सुमन गाडीतून उतरली होती. तिचा आवाज रडवेला नव्हता, ते जास्त भयंकर होतं. "भाऊ, पंधरा वर्सं मी मशीन चालवली ह्या एका दिवसासाठी. तुले म्हटलं होतं, काईच करू नको. काईच न करनं बी तुले जमत नाई?"

मी वही खिशात घातली. साडेआठ वाजून गेले होते.

तेव्हा गाडीतून नवरीनेच हात बाहेर काढला. हातात तिचा नवा मोबाइल होता. "मामा, सलीमकाकाच्या दुकानाचा नंबर सांगा." मी सांगितला. (दुसऱ्यांचे नंबर मला कायम पाठ असतात.)

पलीकडून सलीमभाईचा आवाज एवढा मोठा आला, की वानखडेलाही ऐकू गेला. "अरे सर, तुमच्या सीटवरच तर ठेवली! फळीवर! पूरा नंबर नव्यानं रंगवला, गीला होता ना रंग, म्हून मूं वर करून ठेवली. म्हटलं, सर बसन्यापह्यले पाहतीनच!"

मग वानखडेने गाडीचं दार उघडलं आणि माझ्या फळीवरून प्लेट उचलली. प्लेटवर काळा चिखल झाला होता. एक आकडा धड उरला नव्हता. त्याने प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, शाल वर करा जी. अन् मांगं फिरा."

मी फिरलो. पाठीमागून आधी सुमनचा "अगं बाई!" ऐकू आला, मग बायकोचा, आणि मग वानखडे जो हसत सुटला तो थांबेचना. सुमनने दिलेल्या नव्या, कडक इस्त्रीच्या, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर, जिथे माणूस बसतो नेमका तिथे, माझ्या गाडीचा संपूर्ण नंबर छापला गेला होता! उलटा, पण ठसठशीत.

"सापडला जी नंबर!" वानखडे डोळे पुसत म्हणाला. "पन कायदा म्हनते गाडीच्या मांगं पाहिजे. तुमच्या मांगं असून काय फायदा?"

"द्या ती प्लेट इकडं," वर्षा म्हणाली. शालू सावरत ती खाली उतरली, पदराला लागणार नाही अशी प्लेट पुसून काढली, नवरीच्या पेटीतून काजळाची डबी काढली आणि बोटाने आकडे गिरवू लागली. शेवटच्या आकड्याशी थांबली. "मामा, आठ का तीन?"

आणि मला आठवेना! कालपासून त्या उडालेल्या आकड्याचाच विचार करून माझ्या डोक्यात आठ आणि तीन एकच झाले होते. पुढचा बोर्ड उचकटून किंवा गाडीचे कागद काढून पाहावं, हे त्या घाईत एकालाही सुचलं नाही. बायको म्हणाली तीन. सुमन म्हणाली आठ. मी म्हणालो, बहुतेक आठ.

"बहुतेक नाई चालत," वानखडे म्हणाला. "पत्रात तसं लिवलं नाई."

"मामा, वाका जरा," नवरी म्हणाली. राष्ट्रीय महामार्गावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या साक्षीने, मी वाकलो. तिने नीट निरखून वाचलं. "आठच हाय. उलटा केला तरी आठच राहते."

वानखडेने स्वतः स्क्रू पिळले. थर्माकोलचा बोर्डही त्यानेच हलक्या हाताने काढला आणि वर्षाच्या हातात दिला. "पोरी, हा जपून ठेव. सुखी राह्य." मग माझ्याकडे वळून पावती फाडली. एक नाही, दोन! एक पुढची, एक मागची.

पुढच्या दोन तासांत बायको आणि सुमनने चादरीतले लाडू पुन्हा डब्यांत भरले. मूर्तिजापूरच्या पुढे एका ढाब्यासमोर त्या बारा पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या दिसल्या. पाहणी जोरात सुरू होती. कचोरीची.

मंगल कार्यालयाच्या दारात पोचलो तेव्हा घड्याळात अकराला एक मिनिट कमी होतं. स्टेशनमास्तर पायरीवर मनगटाकडे पाहत उभे होते. "आत या," एवढंच म्हणाले. मी जिंकलो होतो! मी सुमनकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच किंचित हसली.

मी शाल कमरेखाली नीट ओढून घेतली, अगदी गुडघ्यांपर्यंत, आणि दोन्ही टोकं पुढे घट्ट धरली. भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

माझे दोन्ही हात शालीत अडकलेले. आता मुलीला कसं धरणार? आणि अंतरपाटापाशी मामाने मुलीच्या मागे उभं राहायचं, म्हणजे पाचशे पाहुण्यांकडे पाठ करून. मी शाल आणखी आवळली.

तेवढ्यात बाशिंगाआडून माझी भाची हळूच म्हणाली, "मामा, शाल काढा."

"अगं, लोक बघतील."

"बघू द्या ना. नंबर झाकनं गुन्हा हाय न, मामा?"

चार पानी पत्र माझंच होतं. मी शाल काढली, वर्षाचा हात धरला आणि चालू लागलो. पहिल्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या रांगेत. मांडवाशी पोचेपर्यंत हसण्याची लाट शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन परत आली होती. स्टेशनमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, नंबर वाचला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "गाडी वेळेवर आहे. सुरू करा!"

अक्षता पडल्या. सुमनने डोळे पुसले. पुसता पुसता हसत होती की रडत, ते मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दंडाची पट्टी आणि शिट्टी वाहतूक शाखेत परत केली. वही ठेवून घेतली. तिच्या कोऱ्या पानांवर शाळेत येणं बंद झालेल्या मुलांचे पत्ते लिहिले आणि संध्याकाळी चौकाऐवजी तिकडे जाऊ लागलो. उशिरा सुचलं, हे कबूल. लग्नाच्या अल्बममध्ये मी अकरा फोटोंत आहे आणि अकराही पाठमोरे. वर्षाच्या सासरी मला अजूनही नावाने कुणी ओळखत नाही, सगळे त्या उलट्या आकड्यानेच ओळखतात. तक्रार नाही माझी. आमच्या वऱ्हाडात बिनानंबरच्या गाड्या आजही सुखाने फिरतात. नंबर घेऊन फिरणारा माणूस तेवढा मी एकटाच!